ट्रेव्हाइनच्या चाळीस मेंढ्या

नेदरलंड्समधल्या वाखनिंगनच्या बांधावर दर मे महिन्यात मेंढ्या येतात आणि दर वर्षी मी सायकलवरून उतरते. ऑफिसला उशीर होतो. झालाच तर होतो. ऱ्हाईनचं पाणी अडवणारा हा लांबलचक हिरवा बांध, त्याचं गवत राखायला यंत्रापेक्षा मेंढ्या बऱ्या, म्हणून त्यांना ट्रकने आणतात, जाळीच्या कुंपणात सोडतात आणि आठवड्याने कुंपण पुढे सरकवतात. सगळं मोजूनमापून. मेंढ्या चरतात, बसतात, पुढे सरकतात. त्यांना काहीच लक्षात ठेवावं लागत नाही. मी जाळीला टेकून एक खोल श्वास घेते. ओली लोकर, चुरडलेलं गवत, लेंड्या आणि या सगळ्याच्या तळाशी तो मेणचट, तुपाच्या न घासलेल्या भांड्यासारखा वास. शेजारून कुत्रा घेऊन जाणाऱ्या आजोबांना वाटत असणार, या बाईला चक्कर येतेय. मी त्यांना छान हसून "खुदेमॉर्खन" म्हणते आणि पुन्हा वास घेते.

इथल्या मराठी मंडळींत पहिल्या भेटीत एक प्रश्न हमखास येतो. "तुमचं मूळ गाव कोणतं?" कुणी सातारा सांगतं, कुणी गुहागर. मला या प्रश्नाने लहानपणापासून छळलंय, कारण आम्हाला गावच नव्हतं. पुण्यात कर्वेनगरला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. मे महिन्यात अख्खी बिल्डिंग आपापल्या गावी पांगली की मी आणि ताई गच्चीच्या जिन्यात बसून पत्ते कुटायचो. आता मी बेधडक सांगते, "ट्रेव्हाइन. वेल्समध्ये. पाच घरं आहेत." समोरचा हसतो. माझा नवरा समोसा आणायला निघून जातो, कारण पुढचा अर्धा तास काय होणार हे त्याला पाठ झालेलं आहे.

ट्रेव्हाइनला रस्ता येतो आणि संपतो. पाच घरं, एक चॅपल, भिंतीत बसवलेली एक लाल टपालपेटी आणि टेलिफोन काढून नेलेलं टेलिफोनचं खोकं, ज्यात लोक जास्तीची अंडी ठेवून जायचे. बस मंगळवारी. घरांच्या पाठीशी डोंगर, डोंगरावर ढग आणि ढग नसेल त्या दिवशी डोंगरामागे दुसरा डोंगर. मी सव्वीस वर्षांची होते. इथल्याच विद्यापीठातून डोंगरावरच्या गवताच्या जाती मोजायला एक वर्षासाठी मला तिकडे पाठवलं होतं. राहायला मिळालं नेस्टाच्या घरी. नेस्टा चौसष्ट वर्षांची, एकटी, दोनशे मेंढ्यांची मालकीण. हातपाय दोरीसारखे चिवट आणि आवाज असा, की कुत्र्याला हाक मारली तर मीही हातातलं टाकून उभी राहायचे. मोठ्याने मी तिला नेस्टा म्हणायचे. मनात नेस्टामावशी.

त्या घराला ऋतूंप्रमाणे वेगवेगळे वास होते. सप्टेंबरात नेच्यांचं रान तांबडं पडायचं आणि कापलेल्या नेच्यांचा कोरड्या औषधासारखा वास गोठ्यात भरून राहायचा. ऑक्टोबरात एडक्याच्या छातीला लाल रंग फासायचे, म्हणजे त्याचा कोणत्या मेंढ्यांशी संसार झाला ते त्यांच्या पाठीवरून कळतं. नेस्टा हे मला हवामान सांगावं तसं सांगत होती आणि मी मान खाली घालून वहीत लिहून घेत होते. हिवाळ्यात स्वयंपाकघरातल्या कोळशाच्या शेगडीवर कायम कुणाचे तरी मोजे वाळत असायचे. शनिवारी त्याच शेगडीवर जाड लोखंडी तवा चढायचा आणि त्यावर मनुका घातलेल्या छोट्या चपट्या पोळ्या भाजल्या जायच्या. पहिली कुत्र्याला, दुसरी मला. मी एकदा त्या तव्यावर थालीपीठ लावलं. नेस्टाने ते उलटसुलट करून पाहिलं, भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि लोणी लावून तीन खाल्ली. रविवारी चॅपलमध्ये आठ माणसं जमायची आणि गायला लागली की चाळीस वाटायची. मला शब्द कळत नव्हते. तरी मी शेवटच्या बाकावर बसायचे, कारण तिथे मेणाचा, ओल्या कोटांचा आणि पेपरमिंटच्या गोळ्यांचा वास यायचा आणि कुणीही मला काही विचारायचं नाही.

आणि मार्च. मार्चमध्ये उतारावरची काटेरी झुडपं पिवळीधमक फुलतात. त्यांना म्हणतात गॉर्स. एका सकाळी वाऱ्याने कान दुखत असताना मी वर जात होते आणि अचानक ओल्या खोबऱ्याचा वास आला. खोटं सांगत नाही. मोदकाचं सारण परतायला घ्यावं तसा. मी थबकले, नाक वर केलं, दोन झुडपं हुंगली, बोटांत काटे मोडून घेतले. शंकाच नाही, खोबरं. त्या उतारावर उभी राहून मी खूप रडले आणि रडून झाल्यावर मला कडाडून भूक लागली. घरी येऊन नेस्टाला सांगितलं तर ती म्हणाली, "खोबरं मी चॉकलेटातच खाल्लंय. असेल बाई."

आता मेंढ्यांचं सांगते, कारण माझा सगळा जीव त्यांच्यात अडकलेला आहे.

ट्रेव्हाइनच्या डोंगरावर कुंपण नाही. पाच कळप एकाच उघड्या डोंगरावर चरतात, आणि तरी ज्याची मेंढी त्याच्याच भागात राहते. कोकरू पहिल्या उन्हाळ्यात आईच्या मागून हिंडतं आणि कुठे पाणी, कुठे आडोसा, कुठून वर जायचं, कुठे आपला भाग संपतो, सगळं तिच्याकडून शिकतं. पुढे ते स्वतःच्या कोकराला शिकवतं. या ओळखीच्या जागेला तिथे कनेव्हिन म्हणतात. हा शब्द उच्चारताना नेस्टाचा आवाज खाली यायचा. असा कळप बाजारात मिळत नाही. नव्या मेंढ्या आणून सोडल्या तर त्या चार दिशांना चालत्या होतात. एकदा साखळी तुटली की तो डोंगर त्या घराचा राहत नाही.

डोंगरावरचा पहिला हिवाळा कोवळ्या मेंढ्यांना झेपत नाही. म्हणून ऑक्टोबरात त्यांना समुद्राकाठच्या सपाट मुलखात पाठवतात आणि एप्रिलमध्ये परत आणतात. मी गेले त्या शरदात नेस्टाने चाळीस पाठवल्या. ट्रक वळणाआड जाईपर्यंत ती रस्त्यात उभी होती.

"सहा महिन्यांनी त्यांना डोंगर आठवेल?" मी विचारलं.

"आठवतो."

"त्यांच्या आया तर तेव्हा खाली व्यायला आणलेल्या असतील. वर कुणीच नसणार. आणि नाही आठवला तर?"

"आदल्या बर्फात माझ्या जुन्यांतल्या निम्म्या गेल्या," नेस्टा म्हणाली. "या चाळीस टिकल्या तर कळप आहे. नाही तर मी गावात बंगली बघते आणि खिडकीत कुंड्या लावते." तिने कुंड्या हा शब्द असा उच्चारला की मी पुढे काही विचारलं नाही.

मार्चच्या शेवटी नेस्टा अंगणात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, ती दोन तासांवरच्या इस्पितळात आणि इकडे मेंढ्या परतायची वेळ आलेली. शेजारच्या ग्विलिमने व्यायला आलेल्या मेंढ्या सांभाळायच्या असं ठरलं. ग्विलिम पंचावन्नचा, अविवाहित, दिवसाला साधारण अकरा शब्द बोलणारा. चाळीसजणी माझ्याकडे आल्या. नेस्टाने इस्पितळातून फोन केला. "खालचं फाटक उघड, त्यांना जाऊ दे आणि बाजूला हो. तुझं डोकं चालवू नकोस."

मी डोकं चालवलं. ट्रक आला तेव्हा पाऊस तिरका मारत होता. चार तासांच्या प्रवासाने मेंढ्या केविलवाण्या झाल्या होत्या आणि खालच्या फाटकापासून त्यांचा भाग चांगला दोन मैल वर. जंगल खात्याचा एक कच्चा रस्ता मात्र थेट वरपर्यंत जात होता. माझ्यातली शास्त्रज्ञ आणि माझ्यातली मावशी दोघी एकदम जाग्या झाल्या. कशाला बिचाऱ्यांना चालवायचं? मी ट्रकवाल्याला गळ घातली आणि गाडी वर नेली. मागची फळी पाडली तेव्हा सगळीकडे पांढरं धुकं होतं. चाळीस मेंढ्या उतरल्या, थांबल्या, इकडे तिकडे पाहिलं. त्यांना वर जायची वाट माहीत होती, आणि मी त्यांना वाट नसलेल्या ठिकाणी आणून उभं केलं होतं. मग एक पळाली. मग सगळ्या. अर्ध्या मिनिटात माझ्यासमोर नुसतं धुकं उरलं आणि दूर कुठे तरी दगड घरंगळल्याचा आवाज.

मी ग्विलिमच्या दारात भिजून उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्याने ऐकलं, टोपी घातली, कुत्रा घेतला. गोळा करायला चार दिवस लागले. अकरा त्याच्या हद्दीत, सहा तळ्यापलीकडे, बाकीच्या कुठे कुठे. एक मिळाली नाही. उरलेल्या एकोणचाळीस खालच्या फाटकाशी आल्या तेव्हा ग्विलिम म्हणाला, "आता रोज सकाळी. इथून वर. शिकतील तोवर." आणि जाता जाता, "नेस्टाला मी सांगणार नाही."

सगळा एप्रिल मी मेंढी झाले. प्रबंध, वही, मोजपट्टी सगळं बाजूला. पहाटेच्या उजेडात फाटक उघडायचं, त्यांच्या मागून चालायचं, भरकटली की वळवायचं, वर पोहोचल्यावर दुपारपर्यंत हद्दीवर उभं राहायचं. नेस्टाचा कुत्रा माझं इंग्रजी ऐकायचा नाही. वैतागून मी मराठीत बोलायला लागले तर ऐकायला लागला. तिथे टिटवीसारखा एक लांब चोचीचा पक्षी ओरडायचा, त्याचा आवाज पाण्याचे बुडबुडे फुटावेत तसा वर वर जायचा. ओढ्याचं पाणी दातांना कळ आणायचं. जेवणाला चीज, पाव आणि खिशात आईने पाठवलेली गोड लिंबाच्या लोणच्याची पुडी. मी इतकी घाबरलेली होते आणि तरी इतकी आनंदात, की मला दोन्हींचा मेळ लागायचा नाही.

वाटेत मध्यावर एक हिरवंगार सपाट दिसायचं. गालिचाच जणू. मार्चमध्ये त्यात मी मांडीपर्यंत रुतले होते आणि एक बूट कायमचा घालवला होता. तेव्हापासून त्या जागेची मला धडकी भरलेली. त्यामुळे मी मेंढ्यांना तिथे जाऊच देत नसे. डावीकडे रोवन जातीचं एक वाकडं झाड होतं, त्याला वळसा घालून, उताराच्या कडेकडेने, लांबून न्यायची. सुरुवातीला त्या सारख्या सरळ जायला बघायच्या. मी ओरडायचे, हात पसरायचे, आडवी उभी राहायचे. तिसऱ्या आठवड्यात त्या आपण होऊन झाडाशी वळायला लागल्या. केवढा अभिमान वाटला मला! एप्रिल संपताना मी नुसतं फाटक उघडून बाजूला झाले आणि एकोणचाळीसजणी रांगेने वर गेल्या, आपल्या भागात थांबल्या आणि खाली माना घालून चरू लागल्या. माझा जीव भांड्यात पडला. मी ग्विलिमला मिठी मारली. तो खांबासारखा उभा राहिला.

आणि मग, बोलून जातं माणूस तसं, तो म्हणाला, "दगडांवरून का नेत नाहीस?"

"कोणते दगड?"

त्या हिरव्या सपाटात, शेवाळाखाली, चपटे दगड होते. नेस्टाच्या आजोबांनी ते एकेक करून डोंगरावरून ओढून आणून टाकले होते. तेव्हापासून त्या घरच्या मेंढ्या त्यांवरूनच जायच्या. म्हणजे त्या कोवळ्या मेंढ्या सरळ जायला बघत होत्या ते चुकून नव्हे. त्यांना आठवत होतं. मी त्यांना माझी भीती शिकवली होती.

मे महिन्यात नेस्टा घरी आली. जुन्या मेंढ्या आपापली कोकरं घेऊन वर निघाल्या, तर त्याही पुढे चाललेल्या कोवळ्यांच्या मागून रोवनच्या झाडाशी वळल्या. मेंढी शेवटी मेंढीच. नेस्टा स्वयंपाकघराच्या खिडकीत दुर्बीण लावून बसली होती. तिने पूर्ण रांग वळेपर्यंत पाहिलं. दुर्बीण खाली ठेवली. म्हणाली, "चहा करतेस?" बस, एवढंच. मी चहा केला. जूनमध्ये मी निघाले, आणि सोळा वर्षं परत गेले नाही.

दर नाताळला कार्ड यायचं. पाऊस कसा पडला, किती कोकरं झाली. मीही लिहायचे, इथे किती थंडी आहे, मुलगी झाली, इरा नाव ठेवलं, घर घेतलं. खरं ते कधीच लिहिलं नाही. कळप टिकला होता, पण तीन पिढ्यांची वाट मी पुसली होती, आणि नेस्टा त्याबद्दल एक अक्षर लिहीत नव्हती. गप्प बसलेल्या माणसासमोर कबुली द्यायला जे धैर्य लागतं ते माझ्याजवळ नव्हतं. एरवी मी भित्री नाही. गेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, खिडकीवर मी डचमध्ये भांडू शकते.

यंदा मार्चमध्ये कार्डाऐवजी पत्र आलं. नेस्टा ऐंशीची झाली, शरदात गावातल्या बंगलीत राहायला जाणार, कळप ग्विलिमची पुतणी चालवणार. "यायचं असेल तर या एप्रिलात ये. कोवळ्या परत येतील तेव्हा मी अजून इथेच असेन." आता नाही तर कधीच नाही, हे कळायला मला दुसऱ्यांदा वाचावं लागलं नाही. सोबत इराला घेतलं. ती बारा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं आणि उत्तरं डच-इंग्रजीत देते. बोटीवर मी तिला सगळी गोष्ट सांगितली, धुक्यासकट. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बट आई, खेवोन से सॉरी."

खेवोन म्हणजे साधं, सरळ. यांना सगळंच खेवोन असतं.

ट्रेव्हाइनमध्ये आता तीन घरांत माणसं राहतात. चॅपलला कुलूप. वळणावर काच खाली केली आणि खोबऱ्याचा वास गाडीत शिरला. मी इराकडे पाहिलं. ती म्हणाली, "समवन इज मेकिंग लाडू?" मला इतकं हसू आलं की गाडी थांबवावी लागली.

नेस्टा दारात होती. आक्रसून लहान झालेली, काठी टेकून, आवाज मात्र तोच. मी कोटही काढला नाही. उभ्या उभ्या सांगून टाकलं. "त्या वर्षी मी खालच्या फाटकातून सोडल्या नव्हत्या. ट्रकने वर नेल्या. एक हरवली. आणि दगडांची वाट माझ्यामुळे गेली."

"ठाऊक आहे," नेस्टा म्हणाली. "ग्विलिमच्या पोटात काही राहतं असं वाटलं तुला? तो दुसऱ्याच दिवशी इस्पितळात येऊन सांगून गेला."

"मग तू बोलली का नाहीस?"

"चिडले होते म्हणून. भयंकर चिडले होते. माझ्या आजोबांचे दगड! तुला काही बोलले असते तर तू रडली असतीस आणि मला तुझी समजूत काढावी लागली असती. तेवढं अंगात त्राण नव्हतं." ती खुर्चीत बसली. "मग पुढच्या हिवाळ्यात पहिल्यांदा काठी घेऊन वर गेले. त्या दगडांवर मला उभंच राहता येईना. मेंढ्या तुझ्या झाडाकडे वळल्या, त्यांच्या मागून मीही गेले. तिकडून जमलं. गेली पंधरा वर्षं मी तिकडूनच जाते आहे. तुझं नाव ग्विलिमला अजून घेता येत नाही, म्हणून तो तिला 'तिची वाट' म्हणतो. आता सगळेच म्हणतात."

मला वाटलं होतं आपण फार रडू. मी नुसती बसले आणि नेस्टाच्या हातावर हात ठेवला. तो हात अजूनही दोरीसारखाच चिवट होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोवळ्या मेंढ्या आल्या. पुतणीने फाटक उघडलं. माझ्या एकोणचाळीसजणींच्या नातींच्या नाती त्या, समुद्राकाठी सहा महिने काढून आलेल्या. जरा हुंगल्या, जरा रेंगाळल्या आणि चालू लागल्या. आम्ही मागून. नेस्टा, मी आणि सगळ्यांत पुढे इरा, नेस्टाची जुनी काठी घेऊन. त्या हिरव्या सपाटापाशी आल्या आणि एकही मेंढी थांबली नाही. सगळ्या रोवनच्या झाडाशी डावीकडे वळल्या. ते पाहताना मला लाजही वाटली आणि अभिमानही.

इरा मात्र वळली नाही. ती काठीने शेवाळ चाचपत सरळ निघाली. एक पाऊल. मग काठी. मग दुसरं पाऊल. माझं तोंड उघडलं, हात आपोआप आडवे पसरले, सगळा एप्रिल पसरायचे तसे. आणि मी ते हात खाली घेतले. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत अवघड व्यायाम होता. नेस्टाने माझ्याकडे पाहिलंही नाही, ती इराच्या पायांकडे बघत होती.

मधोमध पोहोचल्यावर पोरगी वाकली, हाताने शेवाळ बाजूला केलं आणि ओरडली, "आई! ते सगळे अजून आहेत! ऑल ऑफ देम!"

नेस्टाला भाषांतर करून सांगावं लागलं नाही. तिने काठी उचलून हवेत हलवली. इरा पलीकडच्या काठावर जाऊन, ओले बूट झटकत, आमची वाट बघत बसली. आम्ही दोघी झाडाला वळसा घालून मेंढ्यांच्या मागून सावकाश गेलो. तिच्यापर्यंत पोहोचायला आम्हाला आणखी दहा मिनिटं लागली.